दुपारची अनिवार्य बैठक

भाचेबुवा,

हे तू वाचणार नाहीस हे धरूनच लिहायला बसले आहे. पाठवलं, तर 'हो आत्या, वाचतो' असं उत्तर येईल, सोबत एक वर केलेला अंगठा येईल, आणि मग जिथे तू सगळंच ठेवतोस तिथे, म्हणजे 'नंतर'मध्ये, हेही ठेवून देशील. तेव्हा माझा हात मोकळा आहे. तुझ्याबद्दल चांगलं लिहायचं तर अर्ध्या पानात आटपेल: स्वभावाने गरीब, हाताने सढळ, खोटं बोलायला गेलास तर कान लाल होतात. उरलेलं पान भरायचं तर तुझ्या नोकरीबद्दल लिहावं लागतं, आणि तिथे माझा तोल जातो. तू नेमकं काय करतोस हे मी तुला कितीदा तरी विचारलं. दर वेळी तू सांगितलंस, दर वेळी मी मान डोलावली, आणि फोन ठेवल्यावर मला शंका आली की तुलाही ते नीटसं माहीत नसावं. असो. निम्मं मला तुझ्या बायकोने सांगितलं आहे आणि निम्मं वाचाबाईंनी, त्या कोण ते पुढे येईलच. तू मध्ये बोलू नकोस. आता मी इतरांना सांगते.

तर हा गृहस्थ गोदामांसाठी प्रोग्राम लिहितो. लिहायचा, असं म्हणायला हवं. अवाढव्य गोदामात कुठला खोका कुठल्या फळीवर ठेवायचा, हे त्याचा प्रोग्राम तिथल्या माणसांना सांगायचा, आणि खोके खरोखर सापडायचे. काम चांगलं केल्याबद्दल त्याला बढती मिळाली. बढती म्हणजे लिहिणं बंद आणि लिहिण्याबद्दल बोलणं सुरू. तेव्हापासून तो सकाळी घरीच लॅपटॉप उघडतो, कानांवर हेडफोन चढवतो आणि 'माझा आवाज येतोय का?' असं विचारतो. संध्याकाळपर्यंत तो आवाज येतच असतो.

मधूनमधून त्याला विमानात घालून गिऱ्हाइकाच्या गावी पाठवतात. एकदा तो असाच झोपमोड करून, सुरक्षारक्षकांसमोर पट्टा-बूट काढून, ढगांवरून उडत गेला, तर गिऱ्हाईक त्या दिवशी घरून काम करत होतं. मग त्याने गिऱ्हाइकाच्या रिकाम्या ऑफिसात, कुणाच्या तरी खुर्चीत, कुणाच्या तरी मुलांच्या फोटोसमोर बसून गिऱ्हाइकाशी स्क्रीनवर चर्चा केली आणि तसाच उडत परत आला. साहेबाने सगळ्यांदेखत कौतुक केलं, "प्रत्यक्ष भेटीला पर्याय नाही!" यानेही मान हलवली. हॉटेलाच्या खोल्या तर त्याला इतक्या पाठ झाल्या आहेत, की घरीसुद्धा झोपेतून उठला की दिव्याचं बटण पलंगाच्या चुकीच्या बाजूला चाचपतो.

हुशार माणूस. पण एक शब्द त्याच्या गळ्यातून वर येत नाही, आणि तो शब्द म्हणजे 'नाही'. सुट्टीच्या दिवशी काम करशील? हो. त्याचं काम तू करशील? हो, बघतो. अशक्य आहे ते उद्यापर्यंत देशील? हो, प्रयत्न करतो. त्याची बायको दातांची डॉक्टर आहे. ती म्हणते, "माझ्याकडे लोक तोंड वासून, जिभेखाली कापूस घेऊन, तरीही स्पष्ट 'नाही' म्हणतात. याचं तोंड बंद असलं तरी 'हो' ऐकू येतं."

त्याच्या बाबांचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं, नेमकं उलटं. बाबा विमा कंपनीत दावे तपासायचे. माणूस भिजलेला, जळलेला, लुटलेला येई, कागद पुढे करी, बाबा चष्मा कपाळावर सरकवून कागद वाचत आणि म्हणत, "नाही." पाइप फुटून भिंत भिजली असेल, तर ती आधीपासूनच ओली होती. तिजोरी फुटली असेल, तर ती बंद असल्याचा पुरावा काय? दुष्ट नव्हते हं. नकार देऊन झाला की समोरच्याला स्वतःच्या खिशातून चहा पाजायचे. पण चहा पिऊन झाल्यावर त्याने पुन्हा विषय काढला, तर पुन्हा "नाही."

त्या बाबांना झटका आला. पाय सावरला, हात सावरला, शब्द मात्र गेले. कळत सगळं होतं. वर्तमानपत्र उलटं दिलं तर रागावून सुलटं करायचे. पण बोलायला तोंड उघडलं की एकच शब्द बाहेर पडे, आयुष्यभर ज्याच्यावर पगार घेतला तोच. भूक लागली का बाबा? "नाही," आणि ताट पुढे ओढत. सुनेने शर्टाची बटणं लावून दिली की तिच्या डोक्यावर हात ठेवून, डोळ्यांत पाणी आणून, "नाही, नाही." तिला बिचारीला पहिल्या दिवशी कळेना, हसावं की रडावं.

मग आल्या वाचाबाई. म्हणजे गेलेली वाचा परत आणायचं शिक्षण घेतलेल्या बाई. सपाट चपला, खांद्याला पिशवी, पिशवीत चित्रांच्या कार्डांचा गठ्ठा, आणि जिभेला धार. त्यांनी बाबांना तपासलं आणि मुलाला बाजूला घेतलं.

"शब्द आत आहेत. वाट बुजलीय. सुरुवातीच्या महिन्यांत जेवढी वाट मोकळी होईल तेवढी होईल. नंतर फार कठीण. एक दिवसाआड दुपारी तासभर कुणीतरी समोर बसून कार्डं घ्यायला हवीत. दुपारीच, कारण तेव्हा ते ताजेतवाने असतात."

"हो, नक्की. यासाठी एखादं ॲप असेल ना?"

"आहे की. त्याला मुलगा म्हणतात."

त्याचे कान लाल झाले.

"मी समोर बसले तर ते माझी परीक्षा घेतात," वाचाबाई म्हणाल्या. "तुम्ही बोललात की तुमच्या ओठांकडे बघून त्यांचे ओठ हलतात. आत्ता बघितलं मी. तेव्हा तुम्हीच."

'हो' तर तो म्हणाला होताच. आता तास काढायचा. त्यांच्या कंपनीत प्रत्येकाचं कॅलेंडर स्क्रीनवर असतं, आणि त्यात रिकामी जागा दिसली की कुणीही येऊन बसतं. त्याने दुपारच्या त्या जागी 'खासगी काम' असं लिहिलं. साहेबाने त्याच्यावरच एक बैठक ठेवून दिली. मग त्याने 'वैद्यकीय' असं लिहिलं. साहेबाचा फोन आला. हा साहेब त्याच्यापेक्षा वयाने बराच लहान, केसांना काहीतरी चोपडणारा, आणि नावं लक्षात ठेवायला लागू नयेत म्हणून सगळ्यांना 'चॅम्प' म्हणणारा.

"चॅम्प, वैद्यकीय म्हणजे? सगळं ठीक ना?"

"वडिलांचं जरा…"

"अरेरे. काळजी घे. कुटुंब आधी. बरं, मग त्या वेळात फक्त पाच मिनिटं येतोस?"

तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या ऑफिसात आजारी बापाचा मान कुणी राखत नाही, बैठकीचा राखतात. त्याने 'वैद्यकीय' खोडलं आणि लिहिलं, 'डिपेंडन्सी रिव्ह्यू'. कोण कोणावर अवलंबून आहे त्याचा आढावा. खाली लाल अक्षरांत 'अनिवार्य'. आणि काय सांगू, चमत्कार झाला. दोन आठवडे त्या तासाकडे कुणी वाकड्या नजरेनेही पाहिलं नाही.

ते दोन आठवडे छान गेले. बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ बाबांची खुर्ची, समोर स्टुलावर हा. कार्डावर कप.

"बाबा, कप. क… कप."

बाबांचे ओठ जुळायचे, सुटायचे, कपाळावरची शीर फुगायची. "नाही," आणि मग दोघंही हसत सुटायचे. एके दिवशी मात्र, बराच वेळ गेल्यावर, बाबांच्या घशाच्या तळातून एक आवाज निघाला. "क." नुसता 'क', दाराची कडी वाजावी तसा. त्याने आतल्या खोलीत जाऊन बायकोला दवाखान्यात फोन लावला. ती एका माणसाची दाढ काढत होती. तशीच थांबली आणि म्हणाली, "पुन्हा म्हणायला सांग!"

पण गडबड त्याच्या हातून आधीच होऊन बसली होती. तुमच्या-माझ्यासारख्या माणसाकडून ही चूक व्हायचीच नाही. बापाजवळ बसायच्या तासाला बैठकीचं नाव द्यायचं हे एक त्यांच्याच धंद्यातल्या माणसाला सुचावं, आणि नाव दिल्यावर ती बैठक बंद करायला विसरावं हेही त्यानेच. त्या कॅलेंडरात एक बारीकशी खूण करायची असते, ती केली की बाहेरच्याला आत येता येत नाही. सवयीने त्याने ती केलीच नाही. एवढा अनिवार्य आढावा चालतो आणि त्यात आपण नाही, हे साहेबाच्या लक्षात आलं. दुपारी लॅपटॉप टुणकन वाजला.

"चॅम्प! मला बोलावलं नाहीस?"

हातात छत्रीचं कार्ड. समोर बाबा. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. याने कॅमेरा बंद केला आणि म्हणाला, "हो हो, बोलावणारच होतो."

"छान. चालू कर. कोण कोणावर अवलंबून आहे?"

याने सुचेल ते सांगायला सुरुवात केली. गंमत अशी की ते साहेबाला फार आवडलं. त्या कंपनीत कोण कोणासाठी खोळंबलं आहे हे आजवर कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. पुढच्या वेळी साहेबाने आणखी चौघांना आणलं. त्या चौघांनी आपापले साहेब आणले. मग दूरच्या शहरातलं गिऱ्हाईक आलं. बाबा खिडकीजवळ तसेच बसून असत, कार्डं टेबलावर पालथी, आणि मुलगा त्यांच्या शेजारी हेडफोन काढून, स्पीकर लावून बोलत असे. निदान बाबांना आवाज तरी ऐकू यावा, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती.

"अरे, खरं सांगून टाक ना," बायको म्हणाली.

"आता कसं सांगू? डझनभर लोक आहेत त्यात."

"आणि बाबा कितवे?"

तो लॅपटॉपचा चार्जर शोधायला लागला. ती म्हणाली, "तू एखाद्याच्या लग्नात चुकून शिरलास ना, तर सांगायला नको म्हणून माळ घालून मोकळा होशील."

मग तो दिवस आला. बैठक रंगात होती. साहेब म्हणाला, "चॅम्प, गिऱ्हाईक फारच खूश आहे. त्यांचं म्हणणं आहे, हा आढावा समोरासमोर व्हावा. दर आठवड्याला तू तिकडे जायचंस. निम्मा आठवडा तिकडे, निम्मा इकडे. तिकिटं काढायला सांगतो. चालेल ना?"

दर आठवड्याला म्हणजे बाबांचा तास गेलाच. जिभेवर 'हो' येऊन उभा होता. तोंड उघडलं, आणि शेजारून आवाज आला, भरदार, शांत, कागद परत सरकवणारा.

"नाही."

एक सांगायचं राहिलं. या बापलेकांचा आवाज फोनवर एकच लागतो. पूर्वी त्यांच्या घरी फोन केला की आधी कोण बोलतंय याची खात्री करून मगच चुगली करावी लागे.

"नाही?" साहेबाने विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले.

"म्हणजे… काही कारण?"

बाबांनी नसलेला चष्मा कपाळावर सरकवला. "नाही."

"बरं," साहेब म्हणाला. "ठीक आहे. मी दुसऱ्या कुणाला तरी विचारतो."

झालं! एवढंच! वर्षानुवर्षं ज्या शब्दाच्या भीतीने हा माणूस विमानांत बसला होता, तो शब्द उच्चारला तर काय होतं? साहेब 'बरं' म्हणतो. बैठक संपल्यावर त्याने खुलासा करायला फोन उचलला, पण तोवर संदेश यायला लागले होते. एक म्हणे, "सर, मानलं तुम्हाला." दुसरा म्हणे, "आमच्यासाठीही बोला ना कधीतरी." त्याने फोन खाली ठेवला. कान लाल होते, पण चेहऱ्यावर, बायको सांगते, एक नवंच तेज होतं.

आणि इथे या भल्या माणसाने माती खाल्ली. पुढच्या बैठकीत कंपनीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, शनिवार-रविवार बसून नवा भाग जोडा असं सांगतायत. तुमचं मत काय?" याने बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "नाही." मुलीचा शनिवार सुटला. त्यानंतर रीघच लागली. ज्याला ज्याला नकार हवा होता आणि स्वतः द्यायची छाती नव्हती, तो तो आपलं गाऱ्हाणं त्या बैठकीत घेऊन येई. हा गंभीरपणे म्हणे, "जरा विचार करतो," मग बाबांना भुवई दाखवी, आणि बाबा निकाल देत. बाबाही खुलले. दुपारी इस्त्रीचा शर्ट मागत, म्हणजे शर्टाकडे बोट दाखवून 'नाही' म्हणत, आणि खुर्चीत ताठ बसून राहत. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांना कामावर गेल्यासारखं वाटत होतं. घरात सगळे खूश. बायकोसुद्धा दवाखान्यातून आली की विचारी, "आज किती जणांना परत पाठवलंत?" कार्डांवर धूळ बसली.

वाचाबाई आल्या, खुर्ची पुढे ओढली आणि पिशवीतून कार्ड काढायला गेल्या. कार्ड पुरतं बाहेरही आलं नव्हतं, बाबा म्हणाले, "नाही."

"बघा तरी आधी. कप. क…"

"नाही."

"मागे 'क' येत होता."

"नाही. नाही."

ओठ जुळत नव्हते, कपाळावर शीर फुगत नव्हती. शब्द तयारच होता, पायऱ्या घासून गुळगुळीत व्हाव्यात तसा. वाचाबाईंनी मुलाकडे पाहिलं. मुलाने जमिनीकडे पाहिलं. सुनेनेच सगळं सांगितलं, बैठक, गिऱ्हाईक, निकाल, सगळं.

वाचाबाईंचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "मी यांना ज्या शब्दाच्या बाहेर काढायला धडपडतेय, त्याच शब्दावर तुम्ही यांना नोकरीला लावलंत?"

"त्यांना आनंद होत होता…"

"होणारच. जमतंय त्याचा आनंद होतोच. दारं बंद होत चाललीयत हो. 'क' कुठे गेला? शोधून द्या मला."

तो म्हणाला, "मी बैठक बंद करतो."

"म्हणजे कोण करणार?" वाचाबाईंनी विचारलं. "तुम्ही, की हे?"

दुसऱ्या दिवशी बैठक भरली. त्याने कॅमेरा सुरू केला. बऱ्याच जणांनी त्याचा चेहरा पहिल्यांदाच पाहिला. तो म्हणाला, "आजपासून ही बैठक मी बंद करतोय. ही बैठक नव्हतीच. माझ्या वडिलांना बोलायला शिकवायचा तास होता. इथे जे कुणाला कुणाला नकार मिळाले, ते त्यांनी दिले."

पलीकडे कुणाच्या तरी घरी कुत्रा भुंकला.

"वा चॅम्प," साहेब म्हणाला. "फारच हृदयस्पर्शी. वार्षिक संमेलनात सांग हे. बरं, मग बैठक तासभर पुढे ढकलू या का? तुझं उरकलं की तू ये."

त्याने सवयीने बाबांकडे पाहिलं. बाबांना कळत होतं सगळं. त्यांनी ओठ घट्ट मिटले, हाताची घडी घातली आणि भिजलेल्या, जळलेल्या, लुटलेल्या माणसांकडे जसे बघायचे तसे मुलाकडे बघत राहिले. तुमचा दावा, तुमचा पुरावा.

"न…" तो म्हणाला. घसा खाकरला. "न… नाही."

"आवाज तुटतोय तुझा."

"नाही."

"हो म्हणालास का?"

"नाही म्हणालो."

"आज काहीतरी वेगळाच येतोय आवाज," साहेब कुरकुरला. "आधीचं 'नाही' जास्त दमदार होतं." पण म्हणाला, "बरं."

त्याने लॅपटॉप मिटला. कपाळावरचा घाम शर्टाच्या बाहीने पुसला. बाबा खांदे हलवून हलवून हसत होते.

बैठक मात्र बंद पडली नाही. अनिवार्य म्हणून लिहिलेलं होतं ना! ती अजून भरते. तो नसतो, विषय काय ते कुणाला माहीत नसतं, तरी लोक वेळेवर येतात आणि एकमेकांना 'आवाज येतोय का?' विचारतात. विमानाने दुसराच कुणीतरी जातो. आपल्या भाचेबुवांना कुणी नोकरीवरून काढलं नाही. त्यांच्या कॅलेंडरात आता त्या जागी नुसतं 'बाबा' असं लिहिलेलं असतं, आणि ती बारीकशी खूण आठवणीने केलेली असते.

शब्द लगेच परत आले असं नाही. गेलेले महिने गेलेच, आणि वाचाबाई ते त्याला विसरू देत नाहीत. 'क' सापडायला बराच काळ लागला. 'कप' अजून धड येत नाही. पण एका दुपारी त्याने कप भरून चहा आणला, बाबांच्या हातात दिला, कार्ड काढायला वळला. बाबांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि कप त्याच्यापुढे सरकवत म्हणाले, "गार."

त्याने चहा गरम करून आणला म्हणे, आणि वाटेत स्वयंपाकघरात ओट्याला टेकून जरा वेळ उभा राहिला.

तर भाचेबुवा, हे सगळं मला तुझ्या बायकोकडून आणि वाचाबाईंकडून कळलं. मला इतका आनंद झाला की मी लगेच तुला फोन केला. माझं शिलाई यंत्र बिघडून पडलंय, आणि दुरुस्त करणारा नेमका तुझ्या घराच्या रस्त्यावर बसतो. गाडीतून नेऊन टाकायचं एवढंच काम. तुला मी कितीदा सांगितलं होतं, आणि दर वेळी तू "हो आत्या, या शनिवारी नक्की" म्हणाला होतास. या वेळी मी विचारलं, तर तू घसा खाकरलास. मग म्हणालास, "नाही आत्या. मला नाही जमणार."

मी म्हटलं, बरं.

यंत्र अजून दाराआडच आहे. येता-जाता पायाला लागतं.